पात्यामागची पाचर

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं आणि तळमजलेच्या तळमजले बुडाले. पाणी ओसरल्यावर लोकांनी चिखल उपसला, भिजलेला माल रस्त्यावर काढला, आणि जे धुऊन निघण्यासारखं नव्हतं ते भंगारात दिलं. त्या भंगारात लाकूड कापायचं एक जुनं मशीन होतं. बीडाचं जाड टेबल, मधोमध बारा इंची गोल पात्याची खाच, खाली पेटीसारखं ओतीव अंग. टेम्पोत घालून ते परशुराम घाटाने वर आणलं गेलं आणि लोटे एमआयडीसीच्या कडेला एका भंगाराच्या आवारात उघड्यावर पडलं.

कोकणच्या पावसात उघडं पडलेलं लोखंड किती दिवस टिकणार? त्यात खाडीकडून येणारी खारट हवा आणि जवळ रसायनांचे कारखाने. हवेतलं मीठ आणि आम्लाची वाफ गंजाला घाई करायला लावतात. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो फुगतो, पापुद्रे धरतो आणि बोल्ट असा आवळतो की पाना वाकला तरी बोल्ट हलत नाही. दोन पावसाळे काढल्यावर मशीनवर बोट फिरवलं तर बोट तांबडं व्हायचं.

तिथल्याच एका कारखान्यात कंत्राटावर काम करणाऱ्या तरुण फिटरने ते वजनावर विकत घेतलं. कंत्राट कधी संपेल याचा नेम नव्हता, आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आपला छोटा धंदा सुरू करायचं त्याच्या मनात होतं. गुहागरकडच्या एका बागायतदाराने आंब्याच्या पेट्यांच्या फळ्या मागितल्या होत्या. हंगाम तोंडावर होता.

शेजारी आबा मिस्त्री राहायचे. साठ वर्षं लाकडात गेलेली. उमेदीत जंगलात करवतीवर, मग वखारीत मशीनवर. अशा वखारींत म्हाताऱ्या झालेल्या माणसाच्या हाताची बोटं सहसा पुरी नसतात. आबांची दहाही होती.

फिटरने पहिल्याच दिवशी ॲसिडचा कॅन आणि हँड ग्राइंडर आणला.

“आबा, तासाभरात पांढरं करतो बघा.”

“ॲसिड शेडात नको. गंज जाईल, पण त्याची वाफ तुझी बाकीची हत्यारं खाईल. आणि टेबलाला ग्राइंडर लावलास तर खड्डे पडतील. ते टेबल सपाट आहे म्हणूनच त्याला किंमत आहे.”

पोरगा हट्टी होता, पण बेअक्कल नव्हता. त्याने दुसरा उपाय सांगितला, आणि तो आबांना नवीन होता. प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये पाणी, त्यात धुण्याचा सोडा. गंजका भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला, भंगारातली साधी सळई धन टोकाला, आणि दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. वीज सोडली की गंज सुटा होऊन निघतो आणि खालचं लोखंड शाबूत राहतं. स्टेनलेसची सळई त्याने मुद्दाम टाळली, कारण तिच्यातल्या क्रोमियमचं विष पाण्यात उतरतं. हायड्रोजनचे बुडबुडे निघतात, म्हणून ड्रम अंगणात ठेवला आणि जवळपास विडीला बंदी केली. लोटेत निळे ड्रम कुठेही स्वस्तात मिळतात, पण आधी त्यात काय भरलं होतं कोण सांगणार? त्याने बाजारातून कोरा ड्रम आणला. शहाणपणाचं काम केलं. रात्रभरात पाण्यावर तांबडा फेस आला आणि सकाळी पुली, दांडे, चाकं काळसर होऊन बाहेर पडली. आबा बराच वेळ ती हातात घेऊन उलटीपालटी करत बसले.

टेबल मात्र ड्रममध्ये मावणारं नव्हतं, ते आबांच्या वाट्याला आलं. त्यांनी त्यावर रॉकेल ओतून रात्रभर मुरू दिलं. मग पटाशीला धार करून ती आडवी धरली आणि अंगावर दाब न देता नुसती सरकवत गंजाचे पापुद्रे उचलले. त्यानंतर लाकडाच्या सपाट ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून घासायला बसले. बोटांनी घासायचं नाही, कारण बोट खड्ड्यात शिरतं आणि खड्डा वाढवतं. दुपार कलेपर्यंत टेबलाच्या एका कोपऱ्यात बारीक समांतर रेषा दिसू लागल्या. कारखान्यात टेबल पहिल्यांदा तासलं तेव्हाच्या रेषा होत्या त्या. आबा तिथे थांबले. “याच्या खाली जायचं नाही,” म्हणाले. “गंज आपला नव्हता, तो काढला. ह्या रेषा मशीनच्या आहेत.”

अंगावरची चिखलाची खपली काढताना पितळी पट्टी दिसली: वॅडकिन, लेस्टर. 1897 मध्ये इंग्लंडात सुरू झालेली ही कंपनी लाकूडकामाच्या मशीनसाठी जगभर नावाजलेली. मशीन इथवर कसं पोचलं, ते सांगणारं कोणी उरलं नव्हतं.

पुढचं काम सरळ होतं. बेअरिंगमध्ये पुराचा गाळ होता, ती नवी घातली. मोटर खेडला नेऊन रिवाइंड करून आणली. पट्टे बदलले. पात्याच्या एकाच दाताला खूण करून तो पुढे आणि मागे फिरवून मापला, पातं टेबलाच्या खाचेला समांतर बसवलं. गुण्या लावून काटकोन पाहिला. टेबलाला तेल न लावता मेण चोळलं, कारण तेलाचा डाग फळीवर उतरतो. फिटरने अंगाला करडा रंग दिला. मशीन सुरू केलं, टेबलावर पाच रुपयांचं नाणं कडेवर उभं केलं. पातं गरगरत होतं आणि नाणं हललं नाही.

“झालं मशीन!” फिटर म्हणाला.

“नाही झालं,” आबा म्हणाले.

त्यांनी बटण बंद केलं, पातं थांबू दिलं आणि पात्याच्या मागे बोट दाखवलं. तिथे बीडाचा एक छोटा कान होता आणि त्यात बोल्टची दोन भोकं. भोकांत तुटलेल्या बोल्टचे बुंधे. फिटरने टॉर्च धरला. बुंध्यांची टोकं सपाट होती, छिन्नीने तोडलेली. इतकी वर्षं उलटून गेलेली की त्यांवर दोन वेगळे रंग चढले होते.

“इथे पोलादी पट्टी असते. आम्ही तिला पाचर म्हणायचो. तिच्यावरच पात्याचं झाकण बसतं. कोणीतरी काढून टाकलीय. आड येते म्हणून काढतात.”

“तिच्यावाचून कापता येतं ना?”

“कापता येतं. वखारीत सगळे तसंच कापायचे.”

संध्याकाळी बागायतदाराचा फोन आला. फिटरने सकाळी फळ्या देतो म्हणून सांगितलं. सकाळी तो शेडमध्ये गेला तेव्हा मशीन चालेना. मेन स्विचमधले तिन्ही फ्यूज नव्हते. आबा पायरीवर बसले होते आणि फ्यूज त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होते.

पोरगा संतापला. मशीन त्याचं, पैसा त्याचा, गिऱ्हाईक त्याचं. तो बोलायचं ते सगळं बोलून गेला. आबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “जंगलात आम्ही दोघं मोठी करवत ओढायचो. ओंडका चिरत गेलो की लाकूड मिटायला बघतं, करवत आवळतं. म्हणून चिरेत पाचर ठोकायची, मग पुढे जायचं. तिथे करवत अडकली तर दोघं घाम पुसत बसायचे. ह्या मशीनचं पातं अडकून बसत नाही. मागचे दात वर येतात, ते मिटलेल्या लाकडाला उचलतात आणि तुझ्या अंगावर फेकतात. तू फळी ढकलत असतोस. फळी गेली की हात कुठे जातो?”

फिटरला गणित येत होतं. बारा इंची पातं, मिनिटाला तीन हजार फेरे. दाताचा वेग ताशी 170 किलोमीटर. त्याने तो आकडा तोंडाने उच्चारला आणि गप्प झाला.

बागायतदाराला त्याने दोन दिवस उशीर होईल म्हणून कळवलं. तुटके बोल्ट ड्रिलने काढले, नवे आटे पाडले. पोलादी पत्र्यातून पात्याच्या गोलाईशी जुळणारी पट्टी कापली. पात्याच्या अंगापेक्षा जाड, पण दातांनी पडणाऱ्या चिरेपेक्षा पातळ, आणि मागच्या दातांपासून अगदी थोड्या अंतरावर. तिच्यावर झाकण बसवलं. आबांनी फ्यूज परत दिले.

फळ्यांचं लाकूड रायवळ आंब्याचं होतं, नीट वाळलेलं नव्हतं. चौथ्या-पाचव्या फळीला चीर अर्ध्यावर गेली आणि लाकूड मिटू लागलं. चिरेने पाचर धरली, करकर आवाज आला, मोटरचा सूर खाली बसला. फिटरने हात न हलवता गुडघ्याने बटण दाबलं. पातं थांबलं. फळी जागच्या जागी होती. त्याने ती मागे ओढली, लाकडी पाचर चिरेत सारली आणि पुन्हा कापायला घेतली. त्या दिवशी एवढंच घडलं. गावात कोणाला सांगण्यासारखं त्यात काहीही नव्हतं.

मशीन पुरात सापडलं आणि गंजलं, ते सगळ्यांना दिसलं. पाचर त्याआधी कितीतरी वर्षं एका माणसाने चांगल्या हातांनी, घाईपोटी, छिन्नी लावून काढली होती, आणि ती गेल्याचं कोणाला दिसलं नव्हतं. एखाद्याने मशीनचा सगळा गंज उतरवून, रंग देऊन, आरशासारखं करून ते विकलं असतं, तरी ते पूर्वीइतकंच धोक्याचं राहिलं असतं. उलट जास्तच, कारण नव्या रंगाकडे बघून घेणारा निर्धास्त झाला असता.

यंत्राचे धोक्याचे भाग झाकलेले असले पाहिजेत, हे 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 21 ने केव्हाच सांगून ठेवलं. घरामागच्या दोन माणसांच्या शेडकडे बहुधा कोणी तपासायला येत नाही. पात्याचा वेग मात्र तिथेही तोच असतो. तुमच्या वाडीत, वखारीत, वडिलोपार्जित कारखान्यात असं जुनं मशीन उभं असेल, तर रंगाचा डबा विकत घेण्याआधी एकदा वीज बंद करून पात्याच्या मागे बघा. तिथे नुसती दोन भोकं असतील, तर पहिला खर्च तिथे करा.