उचललेले रूळ

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे निघालेली आगगाडी मराठी शाळकरी मुलालाही ठाऊक असते. चौदा डबे, चारशे पाहुणे, एकवीस तोफांची सलामी. भारतीय रेल्वेचा इतिहास या तारखेपासून मोजण्याची प्रथा पडली आहे, आणि प्रवासी वाहतुकीपुरती ती योग्यही आहे. परंतु त्यापूर्वी या भूमीवर लोखंडी रूळ पडलेच नव्हते, असे नाही. १८३७ मध्ये मद्रासजवळच्या रेड हिल्सपासून चिंताद्रिपेटपर्यंत रस्त्यांसाठी लागणारा दगड वाहून आणण्याकरिता रूळ घातले गेले. १८४५ मध्ये गोदावरीकाठी दवळेश्वरम येथे नियोजित बांधाच्या दगडासाठी ते पडले. १८५१ मध्ये रुडकीजवळ, गंगेच्या कालव्याच्या भरावाची माती वाहण्यासाठी, त्यांवर वाफेचे इंजिनही धावले. या रुळांवर तिकीट नव्हते, वेळापत्रक नव्हते, निरोप द्यायला आलेले आप्तेष्ट नव्हते. होती ती माती, दगड, आणि त्यांच्या मागे चालणारी माणसे.

कारखाना, खाण, धरण किंवा कालवा यांच्या पोटी जन्मलेल्या या रेल्वेचे स्वरूप मुळातच निराळे असते. प्रवासी रेल्वे दोन गावांना जोडते आणि ती गावे आहेत तोवर तिला प्रयोजन असते. कामाची रेल्वे मात्र एका टोकाला डोंगर खाते आणि दुसऱ्या टोकाला बांध घालते. डोंगर पुरेसा संपला आणि बांध पुरेसा उभा राहिला की तिचे प्रयोजन सरते. मग रूळ उचलतात, स्लीपर दुसऱ्या कामावर जातात, मोडलेल्या वाघिणी भंगारात निघतात. तिला यश आले याची खूण हीच की ती नाहीशी झाली. घर पूर्ण झाल्यावर परांची उतरवून ठेवतात आणि गृहप्रवेशाच्या दिवशी तिची आठवणही कोणाला येत नाही, तसेच हे आहे.

तेव्हा अशा रेल्वेचे अवशेष शोधू पाहणाऱ्याने शोधायचे तरी काय? मद्रासचा तो मार्ग शहराच्या विस्ताराखाली कधीच गेला. ज्या रस्त्यांसाठी त्याने दगड वाहिला, त्यांच्यावर नंतर किती थर चढले याची गणना नाही. दवळेश्वरमला टेकडीचा दगड काढून गोदावरीच्या पात्रात उतरवला गेला. तिथे बेटांसह सुमारे चार मैल रुंदीचे पात्र अडवणारा आर्थर कॉटन यांचा बांध १८४७ ते १८५२ या काळात उभा राहिला. पुढे त्या जुन्या बांधाचीही जागा १९८२ मध्ये पूर्ण झालेल्या नव्या बंधाऱ्याने घेतली. म्हणजे रेल्वे बांधात विरली आणि बांध नव्या बंधाऱ्याच्या कुशीत गेला. उरले ते त्रिभुज प्रदेशातील हिरवे भाताचे शेत. त्र्यंबकेश्वरी उगम पावलेल्या नदीचे हे दुसरे टोक मराठी वाचकाला सहसा नकाशावरच भेटते. तिथल्या एखाद्या शेताच्या बांधावर उभे राहून, हे धान्य एका उचललेल्या रुळाचा अवशेष आहे असे कोणी म्हटले, तर ते चमत्कारिक वाटेल. पण ते खोटे ठरणार नाही.

रुडकीची गोष्ट याहून अधिक बोलकी आहे. १८३७-३८ च्या दुष्काळात गंगा-यमुनेच्या दुआबात लक्षावधी माणसे मेली. त्या आघातातून गंगेच्या कालव्याची योजना पुढे सरकली. १८४२ मध्ये प्रोबी कॉटली यांच्या देखरेखीखाली खोदाई सुरू झाली आणि ८ एप्रिल १८५४ रोजी कालवा खुला झाला. वाटेत सोलानी नदीचे सखल खोरे आडवे येत होते. तिथे कालवा खाली उतरवून चालणार नव्हते, म्हणून नदीवरून तो नेला. प्रत्येकी ५० फुटांच्या पंधरा कमानींचा जलसेतू बांधला गेला आणि पिरान कलियरपासून रुडकीपर्यंत अडीच मैलांहून अधिक लांबीचा मातीचा भराव घातला गेला. या भरावाच्या मातीसाठी रूळ होते. वाघिणी माणसे ढकलीत. पुढे इंग्लंडहून सुट्या भागांनी आलेले इंजिन जोडले गेले आणि २२ डिसेंबर १८५१ रोजी ते चालू झाले. वायव्य प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर जेम्स थॉमसन यांचे नाव त्याला दिले होते. काही महिन्यांतच ते निकामी झाले. स्वतः थॉमसन सप्टेंबर १८५३ मध्ये, कालवा खुला होण्याआधीच, वारले. काम मात्र थांबले नाही. जे इंजिन येण्यापूर्वी वाघिणी ढकलीत होते, तेच ते मेल्यावरही ढकलीत राहिले.

आणि तरी आज रुडकीच्या रेल्वे स्थानकाबाहेर प्रतिकृती उभी आहे ती इंजिनाची. थॉमसन यांचे नाव तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयाला जवळजवळ शतकभर चिकटून होते. जलसेतूच्या टोकांना दगडी सिंह बसले आहेत. यात दोष कोणाचा, असे विचारण्यात अर्थ नाही. यंत्राची प्रतिकृती करता येते. खांद्याच्या रेट्याची कशी करणार? तरीही प्रश्न मिटत नाही. एखादी वस्तू निर्माण करताना जे पूर्णपणे खर्ची पडले, त्याचा त्या वस्तूवर काही हक्क उरतो काय?

व्यवहाराचे उत्तर सरळ आहे. मजुरी ठरली होती, ती दिली गेली, हिशेब पुरा झाला. या उत्तराला तुच्छ लेखू नये. मातीच्या पाट्या वाहणाऱ्याला त्या दिवशी हवी होती ती मजुरी, स्मारक नव्हे. पोट भरलेल्या वारसांनी त्याच्यावर स्मृतीची भूक लादणे ही एक सूक्ष्म अप्रामाणिकताच ठरेल. शिवाय काम सरकारचे होते आणि त्याच्या मुळाशी करुणेबरोबर महसुलाचा हिशेबही होता. पण या उत्तरात एक फट आहे. मजुरीचा करार देणारा आणि घेणारा यांच्यात झाला. कालव्याचे पाणी पुढे पावणेदोनशे वर्षे ज्यांनी शेतात घेतले, ते त्या करारात कुठेच नव्हते. त्यांनी काहीही न देता घेतले आहे. मजुरीने मालकाची बाकी फिटली असेल. पाणी पिणाऱ्याची बाकी कोणत्या वहीत मांडायची, हे त्या करारात लिहिलेले नाही.

गोदावरीच्या मुखाकडच्या लोकांनी ही बाकी आपल्या पद्धतीने मांडून पाहिली. तेथे प्रचलित असलेल्या एका संस्कृत श्लोकात, गोदावरीच्या नित्य स्नानाचे पुण्य देणारा आंग्लदेशीय भगीरथ म्हणून कॉटन यांचे स्मरण केले जाते. परक्या राज्यकर्त्याच्या एका अभियंत्याला पुराणात जागा देणारी ही कृतज्ञता मोठ्या मनाची आहे. मात्र भगीरथाचे नाव घेतले की त्याची कथा मागोमाग येते, आणि ती कथा खोदणाऱ्यांपासून सुरू होते. सगराच्या साठ सहस्र पुत्रांनी यज्ञाचा घोडा शोधताना पृथ्वी खणली आणि कपिलाच्या दृष्टीने ते भस्म झाले. सर्वांच्या मुखी राहिले ते वंशज भगीरथाचे नाव. साठ हजारांची केवळ संख्या राहिली. परंतु त्या कथेत गंगा उतरली ती कोणाची शेते भिजवायला नव्हे. खणून मेलेल्यांची राख तिची वाट पाहत होती, म्हणून ती आली. सिंचनाच्या इतिहासाला हा क्रम सुचलेला नाही.

उत्तर हिंदुस्थानात मातीकाम हाच ज्यांचा पिढीजात व्यवसाय, त्या ओड लोकांनी तर भगीरथाची गोष्टच वेगळी सांगितली आहे. दक्षिणेतील वडारांप्रमाणे बायकामुलांसह एका कामावरून दुसऱ्या कामावर हिंडणारी ही जमात आपले कूळ एका भगीरथाशी जोडते. एकाच विहिरीचे पाणी दुसऱ्यांदा प्यायचे नाही, असा त्याचा पण होता. म्हणून तो रोज नवी विहीर खणी. एके दिवशी तो खणत खणत खोल गेला आणि पुन्हा वर आलाच नाही. पुराणातला भगीरथ पाणी वरून खाली आणतो. ओडांचा भगीरथ पाण्यासाठी स्वतः खाली जातो. एकाच नावाच्या या दोन कथांमध्ये जे अंतर आहे, तेच अभियंत्याचा अहवाल आणि खणणाऱ्याचे आयुष्य यांच्यामध्ये आहे.

उद्योगाचे दृश्य अवशेष जिथे भरपूर उरतात, तिथली परिस्थिती बहुधा उलटी असते. कोलारच्या सोन्याच्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या. वस्तीलगत सायनाइडयुक्त मातीचे ढिगारे तसेच राहिले आणि वारा सुटला की त्यांची धूळ घराघरांत जाते. भग्न यंत्रांची छायाचित्रे काढायला आवडणाऱ्यांनी याही अवशेषाकडे एकदा पाहावे. सोने गेले तिथे गेले. त्याच्यासोबत वर आलेली माती मात्र खाणकामगारांच्या मुलांना वारसाहक्काने मिळाली.

मराठी परंपरेत कामावर मेलेल्या मजुराची एक कथा आहे, आणि ती या प्रश्नाला अगदी नेमकी भिडते. मंगळवेढ्याच्या तटाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली अनेक वेठकरी गाडले गेले. त्यांत चोखोबा होते. त्यांच्या अस्थी आणण्यासाठी नामदेव तिथे गेले, तेव्हा ढिगाऱ्यातली सारी हाडे सारखीच होती. नामदेवांनी एकेक हाड कानाशी धरले. ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आले, तेवढे त्यांनी पदरात घेतले आणि पंढरीच्या महाद्वारासमोर त्यांना समाधी दिली. मजुराच्या हाडाला कान लावणारा असा मित्र इतिहासात विरळाच. पण ही कथा ऐकताना मन हळूच मागे वळते. ज्या हाडांतून काही ऐकू आले नाही, ती नामदेवांनी खाली ठेवली. त्यांची माणसे कोण होती? त्यांच्या ओठांवर कोणाचे नाव असेल? कथा तिथे थांबत नाही. तिला पंढरीला पोहोचायचे असते.

दवळेश्वरमच्या बांधावर कॉटन यांचे साहाय्यक म्हणून राबलेल्या वीरण्णा या देशी अधिकाऱ्याचे नाव तिथे जपले गेले आहे. ज्या हाडांतून नाव ऐकू आले, त्यांपैकी ते एक. बाकीची माणसे दगडाबरोबर नदीत उतरली, मातीबरोबर भरावात गेली.

रुडकीच्या वरच्या अंगाला, हरिद्वारला, दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास गंगेच्या कालव्याचे पाणी बंद करतात. दिवाळीपर्यंत कालवा कोरडा असतो. एरवी पाण्याखाली असलेला तळ आणि भरावाच्या आतल्या बाजू त्या दिवसांत उघड्या पडतात. दुरुस्तीची आणि गाळ काढण्याची कामे निघतात आणि माणसे पात्रात उतरतात. मग दिवाळीला पाणी सोडले जाते, ते पिरान कलियरच्या दर्ग्याच्या गावावरून पुढे येते, सोलानीवरच्या पंधरा कमानी ओलांडते आणि रुडकीत शिरते.