स्लायडरला हात लावण्याआधी

पावसाळ्यातला एखादा फोटो उघडा. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून काढलेला असेल, किंवा तुमच्याकडे असेल तो. पण घ्या रॉ फाइलच, कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेली. पडद्यावर ती फिकी, मरगळलेली दिसेल. दिसू द्या. माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवा.

सगळ्यात उजळ जागा शोधा. ढगाची कड असेल, ओला कातळ असेल. तिथे थोडं थांबा. मग सगळ्यात काळी जागा. तिथे खरंच काही दिसायला हवंय, की कड्याची खोली त्या काळोखातच आहे? उत्तराची घाई नको. शॅडोजचा स्लायडर उजवीकडे ओढला की कपारीतलं झुडूपन् झुडूप दिसतं, आणि कडा उथळ होतो.

आता नजर लांब न्या. डोंगरांच्या एकामागे एक रांगा, मागची पुढचीपेक्षा फिकी. मधली दमट हवा प्रकाश विखुरते, म्हणून ती तशी दिसते. आणि तशी दिसते म्हणूनच ती लांब आहे हे आपल्याला कळतं. धुकं काढणारा डीहेझचा स्लायडर हे अंतर एका झटक्यात पुसून टाकतो. (सह्याद्रीच्या पावसाळी फोटोंची जेवढी नासाडी या एका स्लायडरने केली, तेवढी कशानेच केली नसेल, असं माझं मत आहे.) त्या धुक्यात सावकाश मागे मागे जा. शेवटची रांग कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होतं, ते दिसेपर्यंत थांबा. नाहीच दिसलं तर तेही चालेल.

मग हिरव्याकडे या. भातखाचराचा पोपटी, करवंदीच्या जाळीचा गडद, शेवाळाचा पिवळ्याकडे झुकलेला. इथे डोळे फसवतात. मिसळीवर दोनदा तर्री घेतली की तिसऱ्यांदा तिचा तिखटपणा जाणवत नाही, तसं सॅच्युरेशनचं होतं. म्हणून किंचित बदल करा आणि नजर भिंतीकडे वळवा. डोळे निवू द्या. मग परत या.

अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स या अमेरिकन छायाचित्रकाराने १९४१ साली न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरचा चंद्रोदय टिपला तो मात्र धावपळीत. लाइटमीटर सापडेना, तेव्हा चंद्राच्या तेजाचा आकडा आठवून त्यांनी एक्स्पोजर ठरवलं. दुसरी निगेटिव्ह घेण्याआधीच दफनभूमीतल्या क्रुसांवरचं ऊन गेलं. हाती राहिलेल्या त्या एका निगेटिव्हचे प्रिंट ते पुढे कित्येक दशकं काढत राहिले. सुरुवातीच्या प्रिंटांत आकाशात ढगांचे फिके पट्टे दिसतात, नंतरच्यांत आकाश जवळजवळ काळं होत गेलं. यातलं खरं आकाश कुठलं, याचा निवाडा करत बसू नका. एक माणूस एवढी वर्षं त्याच आकाशाकडे बघत होता, एवढंच मनात राहू द्या.

आता लॅपटॉप बंद करा. उद्या दिवसाउजेडी उघडा, आणि पहिल्या क्षणी नजर कुठे गेली तेवढंच टिपा. कड्याऐवजी हिरव्यावरच अडकली, तर रंग थोडा मागे घ्या. असा बदल करताना धास्ती नको. अ‍ॅडम्स यांनी १९४८ साली त्या निगेटिव्हच्या खालच्या भागावर पुन्हा रासायनिक प्रक्रिया केली, तेव्हा एकुलती एक निगेटिव्ह पणाला लागली होती. तुमच्या रॉ फाइलला असला धोका नाही; लाइटरूमसारखं सॉफ्टवेअर बदल वेगळे नोंदवून ठेवतं, मूळ फाइल तशीच राहते. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायलाही हरकत नाही.