लिंगो, भक्ताल आणि धर्माचे मूळ

आदिलाबादच्या राजगोंडांमध्ये देवाशी संबंध ठेवण्याच्या दोन वाटा आहेत. कुळाचा देव म्हणजे पेर्सापेन. चवरी आणि लोखंडी भाल्याचे पाते ही त्याची खूण, आणि त्याची पूजा त्या कुळाचा पुजारी, कटोडा, करतो. दुसरी वाट भक्तालाची. त्याच्या अंगात देव येतो, आणि आजार का आला, कोणता देव रागावला, हे तो सांगतो. बाहेरून पाहणारा पहिल्याला धर्म म्हणतो आणि दुसऱ्याला जादूटोणा. गावात मात्र ही दोन्ही कामे एकाच श्रद्धेत बसतात आणि एकाच घराला दोघांचीही गरज लागते.

या श्रद्धेची मूळकथा परधानांच्या मुखी आहे. परधान हे गोंडांचे वंशपरंपरागत कथेकरी. किकरी वाजवत ते देवांचा आणि कुळांचा इतिहास गातात. आदिलाबादचे परधान घरी मराठी बोलतात आणि कथा गोंडीत गातात, हे मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ यांनी नोंदवले आहे. कथेनुसार गोंडांचे देव गुहेत कोंडले गेले होते. पहांदी कुपार लिंगोने त्यांना सोडवले, चार, पाच, सहा आणि सात देवांच्या गटांत त्यांची विभागणी केली आणि पूजेचे व लग्नाचे नियम घालून दिले. या गटाला सगा म्हणतात. एका सगातल्या मुलामुलीचे लग्न होत नाही. सोयरीक ठरवताना आजही हा नियम पाहिला जातो.

ही कथा नेमकी कुठली, यावर मात्र एकमत नाही. नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी परधानाकडून ऐकून घेतलेले लिंगोगीत त्यांच्या मृत्यूनंतर, 1866 साली, रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केले. त्यात महादेव गोंडांनाच कोंडतो. लिंगो भावांच्या हातून मारला जातो आणि अमृताने पुन्हा उठतो. गोंडांच्या सुटकेसाठी तो एका प्रचंड सापाला ठार करून पक्ष्याची पिले आणतो. महादेव-पार्वतीचा हा वावर मूळचा की हिंदू शेजाराने आलेला, हा वाद तेव्हापासूनचा. हायमेंडॉर्फ यांनी 1940 च्या दशकात आदिलाबादच्या गावांत राहून त्याच कथेची तिथली रूपे आणि तिच्याशी जोडलेले विधी नोंदवले. पुढे नागपूरच्या मोतीरावण कंगाली यांनी लिंगोला ऐतिहासिक धर्मसंस्थापक मानले आणि कोया पुनेम हा आर्यपूर्व, स्वतंत्र धर्म असल्याचे मांडले. सिंधू लिपी गोंडीच्या आधाराने वाचता येते, असाही त्यांचा दावा होता. भाषाशास्त्रज्ञांनी तो सर्वसाधारणपणे स्वीकारलेला नाही. पण स्वतंत्र धर्म म्हणून ओळख मिळवण्याच्या मागणीला त्यांच्या लेखनाने मोठे बळ दिले.

अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाच्या उगमाचा वाद याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. त्याचे संस्थापक जोसेफ स्मिथ तरुणपणी खास दगडात पाहून गाडलेले धन शोधत. त्यासाठी 1826 मध्ये न्यूयॉर्क राज्यात त्यांना न्यायाधीशापुढे उभे केले गेले. पुढे देवदूताने दाखवलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरून आपण भाषांतर केले, असे त्यांनी सांगितले, आणि 1830 मध्ये ‘मॉर्मनचे पुस्तक’ छापले गेले. पत्रे देवदूताने परत नेले असे पंथ सांगतो, त्यामुळे ते तपासता येत नाहीत. धन शोधणाऱ्याच्या तोंडून देव कसा बोलेल, हा विरोधकांचा आक्षेप. इतिहासकार मायकेल क्विन यांनी 1987 मध्ये त्याची दुसरी बाजू दाखवली: त्या काळच्या खेडुतांच्या मनात दगडातली दृष्टी, स्वप्न आणि बायबल यांच्यात भिंत नव्हती. भाषांतरासाठी वापरला असे मानले जाते त्या दगडाचे छायाचित्र 2015 मध्ये खुद्द चर्चनेच प्रसिद्ध केले.

यातून दोन वेगळे प्रश्न समोर येतात. पहिला इतिहासाचा: घटना घडली का, ग्रंथ किती जुना? त्याचे उत्तर पुराव्यावरच अवलंबून असते. आदिलाबाद जिल्ह्यातल्या नारनूर मंडलातील गुंजाळा गावी जुन्या गोंडी हस्तलिखितांची लिपी अभ्यासकांपुढे आली. ती पाने वाचता येतात, त्यांचा काळ वादात घालता येतो, आणि त्या लिपीला 2018 मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले. लिंगोचा काळ ठरवायला मात्र असे काही हाती नाही, म्हणून त्याबाबतचे दावे श्रद्धा म्हणूनच मांडले पाहिजेत.

दुसरा प्रश्न मोलाचा: उगमाशी चमत्कार आणि अंगात येणे असले, तर धर्म खोटा ठरतो का? ठरत नाही. अंगात येणे, स्वप्नदृष्टांत आणि नवस मराठी देवस्थानांतही आहेत, आणि त्यावरून त्या भक्तीला कोणी जादू म्हणत नाही. जादू हे नाव बहुधा दुर्बळांच्या श्रद्धेलाच चिकटते. पुष्य अमावास्येला केसलापूरच्या नागोबा या नागदेवासाठी मेस्राम कुळातले लोक हस्तिनमडुगूहून पायी गोदावरीचे पाणी आणतात आणि कुळात नव्याने आलेल्या सुनांची देवाशी भेट घडवतात. या विधीचे मोल तो कुळाला कसे बांधून ठेवतो यावर ठरते. कथेची तारीख त्यात भर घालत नाही आणि काही कमीही करत नाही.

बाणामतीचा, म्हणजे करणी केल्याच्या संशयाचा, प्रश्न याहून वेगळा. आजाराचे खापर शेजाऱ्यावर फोडून त्याला मारहाण होते किंवा गावाबाहेर काढले जाते, तेव्हा श्रद्धेच्या आदराची ढाल पुढे करता येत नाही. तिथे एका माणसाच्या जिवाचा प्रश्न असतो, आणि उत्तर कायद्याने व वैद्यकाने द्यायचे असते. महाराष्ट्राने 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला तो अशाच कृत्यांसाठी; देवपूजा आणि परंपरेचे निरुपद्रवी विधी त्याच्या कक्षेत येत नाहीत. धर्माचे मूळ शोधताना हीच रेघ उपयोगी पडते: दावा पुराव्याने तपासावा, विधीचे मोल तो पाळणाऱ्यांच्या जगण्यावरून जोखावे, आणि इजा होत असेल तिथे मूळ कितीही जुने असले तरी ती थांबवावी.