शनिवार-रविवारचे वानप्रस्थ

आपल्या धर्मशास्त्राने मनुष्याच्या आयुष्याचे जे चार आश्रम कल्पिले, त्यांत घर आणि वन यांचा अनुक्रम ठरवून दिला आहे; त्यांचा सहवास त्याला अभिप्रेत नव्हता. केस पिकावेत, नातवाचे मुख पाहावे, मग संसार पुत्राच्या स्वाधीन करून, पत्नीसह किंवा तिला मुलांजवळ ठेवून, अरण्याची वाट धरावी, असा तो क्रम. तो घालून देणाऱ्या स्मृतिकारांच्या स्वप्नातही हे आले नसेल की चाळिशीतला एखादा गृहस्थ शुक्रवारी संध्याकाळी कचेरीतून सुटून, पत्नी, दोन मुले आणि वृद्ध माता यांना मोटारीत बसवून, त्याच मोटारीत चूल, शय्या, पाणी आणि दिवा यांची तजवीज करून, भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी दोन रात्री काढील आणि सोमवारी सकाळी पुन्हा हजेरीपटावर सही करील.

आमचे एक स्नेही पुण्यात लेखापरीक्षक आहेत. त्यांनी अशी गाडी घेऊन ती आतून बदलून घ्यायचे ठरविले, तेव्हा त्यांच्या मामांनी भर पंगतीत फर्मान काढले, “अरे, घर सोडायचं तर सोड. घर बरोबर घेऊन रानात जायचं आणि वर त्याला साधेपणा म्हणायचं, हे शुद्ध ढोंग आहे.” भाचा मुकाट्याने जेवला, पण दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन, गाडीच्या किमतीविषयी अवाक्षर न काढता, त्याने एवढेच विचारले, “ढोंग आहे का हो हे?”

प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. मामांच्या पक्षाला मोठमोठे साक्षीदार आहेत. त्याग हा अविभाज्य असतो, तो हप्त्याहप्त्याने करता येत नाही, हे मत आपल्याकडे फार जुने. जाबाल उपनिषदाने तर आश्रमांचा क्रमही दूर सारला आणि ज्या दिवशी वैराग्य उपजेल त्याच दिवशी माणसाने निघावे, अशी मुभा दिली. या कसोटीला आमचे स्नेही उतरत नाहीत हे उघड आहे. त्यांना वैराग्य उपजते ते शुक्रवारी, आणि रविवारी दुपारी घाटातली वाहनांची गर्दी वाढू लागण्यापूर्वी ते ओसरते.

परंतु ज्यांनी संपूर्ण त्याग केला त्यांचाही निवास आपण पाहिला पाहिजे, आणि त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. मुंबईजवळ कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत. एखाद्या लहानशा विहारात शिरावे, तो पुढे ओसरी, आत खोली, खोलीत भिंतीलगत दगडातच कोरलेला ओटा, आणि बाहेर पावसाचे पाणी साठविण्याची पोढी. भिक्षूचे आठ परिष्कार म्हणजे तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळण्याचे वस्त्र. एवढा सरंजाम मावायला याहून मोठी जागा लागत नव्हती. पथारी आणि पाणी यांपासून त्यागी पुरुषाचीही सुटका नाही, हे ज्याने डोंगर फोडून लेणे कोरले त्या पाथरवटाला ठाऊक होते, आणि ज्या व्यापाऱ्यांनी व गृहस्थांनी त्यासाठी दान दिले, ज्यांची नावे कार्ल्याच्या, नाशिकच्या, जुन्नरच्या शिलालेखांत अद्याप वाचता येतात, त्यांनाही ठाऊक होते. भिक्षू वर्षाचा बहुतेक काळ फिरता असे आणि पावसाळ्यात त्याला स्थिर कोठडी लागे. आमचे स्नेही आठवडाभर स्थिर असतात आणि त्यांना दोन दिवस फिरती कोठडी हवी आहे. व्यवस्था उलटी झाली, गरज तीच राहिली.

तथापि मामांना खरे उत्तर बौद्धांकडे नाही, ते जैनांकडे आहे. जैन आचार्यांनी मुनीचा धर्म आणि श्रावकाचा धर्म असे दोन धर्म शांतपणे वेगळे मांडले आणि दुसऱ्याला पहिल्याची खालावलेली आवृत्ती मानून हिणवले नाही. श्रावकाने सर्वस्वाचा त्याग करावा असे ते सांगत नाहीत. शेत, घर, सोने, रुपे, धान्य, वस्त्रे, भांडी यांची मर्यादा त्याने आधी ठरवावी आणि मग ती पाळावी, असे सांगतात. हे परिग्रह-परिमाण. त्याहून सूक्ष्म असे देशावकाशिक व्रत आहे, त्यात ठराविक काळापुरते आपल्या वावराचे क्षेत्र आकुंचित करून घ्यायचे असते: आज इतक्या सीमेपलीकडे माझा व्यवहार नाही. व्रताला मुदत असू शकते, आणि मुदत आहे म्हणून ते खोटे ठरत नाही, हा विचार मला गृहस्थाच्या धर्मातला सर्वांत दिलासा देणारा विचार वाटतो. मात्र त्यात एक अट आहे. परिमाण आधी ठरले पाहिजे.

आणि गाडीच्या बाबतीत नेमके हेच उलटे होते. लोक आधी गाडी घेतात आणि मग आतली मोकळी जागा पाहून गरजा आठवू लागतात. आमच्या स्नेह्यांनी, हिशेबाचा पेशा असल्यामुळे असेल, गाडी पाहण्यापूर्वी वजनाचा ताळेबंद मांडला. माणसे पाच, माणशी रोजचे पाच लिटर पाणी धरले तर दोन दिवसांचे पन्नास लिटर, म्हणजे पन्नास किलो. आठ बाय चार फुटांचा, बारा मिलिमीटर जाडीचा प्लायवूडचा एक तक्ता वीस किलोंच्या आसपास. कपाटे, ओटा, पलंग असे सुताराच्या मनाजोगते काम काढले तर असे पाच-सहा तक्ते सहज खपतात. गाद्या, शेगडी, शिधा, बॅटरी. बेरीज होता होता त्यांच्या ध्यानात आले की निम्मे ओझे माणसांच्या गरजांचे नसून, त्या गरजा ज्यांत ठेवायच्या त्या कप्प्यांचे आहे. कपाटे रद्द झाली, कापडी पिशव्या आल्या.

मग गाडीची निवड. मारुतीची जुनी व्हॅन, 1984 साली आलेली आणि पुढे ओम्नी म्हणून नावारूपाला आलेली, पुढच्या आसनाखाली 796 सीसीचे इंजिन बाळगणारी, सरकत्या दारांची ती गरीब गाडी (हिंदी चित्रपटांतल्या अपहरणकर्त्यांनी तिची विनाकारण बदनामी केली) 2019 पासून नव्याने निघत नाही. आणि मारुतीच्याच ईकोत मागची आसने काढली तरी दोन मोठी माणसे व फार तर एक मूल आडवे होते. फोर्सची ट्रॅव्हलर उंच, प्रशस्त, पुण्याच्याच कंपनीची. पण तिची प्रशस्तताच त्यांना धोक्याची वाटली. शेवटी एक जुनी टाटा विंगर ठरली. आजी आणि मुले आत, नवराबायको बाहेर तंबूत, अशी वाटणी झाली. याला मामा काय म्हणाले ते मी येथे लिहीत नाही.

फेरफाराचा प्रश्न निघाला तेव्हा सरकारदरबारची बाजूही पाहावी लागली. मोटार वाहन कायदा, 1988, याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीच्या दाखल्यातील तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली हा मुद्दा आणखी घट्ट केला. दाखल्यावर आसनांची संख्या असते. आसने उखडली की संख्या खोटी पडते. मग अर्ज, तपासणी, मंजुरी, पुन्हा पासिंग. म्हणून जाणकार गॅरेजवाले सांगतात की जे ठोकून बसवाल तो फेरफार, आणि जे उचलून बाहेर काढता येईल ते सामान. कायद्याच्या दृष्टीने हा भेद कितपत टिकेल ते वकिलांनी ठरवावे, परंतु तत्त्वचिंतकाला तो आवडण्यासारखा आहे. जैन आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाचे लक्षण वस्तूत न शोधता मूर्च्छेत, म्हणजे वस्तूला जडलेल्या मनात, शोधले. येथे तर परिवहन कार्यालयाचा निरीक्षकही वस्तूपेक्षा तिच्या जडण्याचीच चौकशी करतो.

उचलून काढता येणाऱ्या घराची युक्ती नवी नाही. जर्मनीत फोक्सवागनची मालवाहू व्हॅन 1950 साली निघू लागली आणि लगेच 1951 साली वेस्टफालिया या कारखान्याने तिच्यात बसविण्याजोगी एक पेटी तयार केली. आठवडाभर गाडीने माल वाहावा, सुटीला पेटी आत ठेवून कुटुंबाने बाहेर पडावे, सोमवारी पेटी पुन्हा बाहेर. युद्धाने पिळून निघालेल्या समाजाला दोन गाड्या परवडत नव्हत्या, हे त्यामागचे साधे कारण. पण कारण दारिद्र्याचे असले तरी त्यातून निघालेली रीत विवेकाची आहे. आठवड्याचे पाच दिवस आच्छादनाखाली उभी राहणारी सजविलेली गाडी हे दुसरे घरच होय, आणि तिच्या मालकाने अपरिग्रहाचे नाव काढू नये. आमच्या स्नेह्यांची विंगर सोमवार ते शुक्रवार त्यांच्या धाकट्या भावाच्या छापखान्याचे कागद वाहते.

घर चाकांवर ठेवणे हा ज्यांचा छंद नव्हता त्यांच्याविषयी दोन शब्द येथे लिहिलेच पाहिजेत, नाही तर हा सगळा विचार सुखवस्तू माणसाचा विचार होऊन बसेल. बिऱ्हाड गाडीवर किंवा जनावरांच्या पाठीवर घालून गावोगाव फिरणाऱ्या जमाती या मुलुखात शेकडो वर्षे वावरल्या, लोखंड घडविणाऱ्या, दगड फोडणाऱ्या, खेळ करणाऱ्या. आणि इंग्रज सरकारने 1871 पासूनच्या कायद्यांनी अशा अनेक जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला, पोलिसपाटलाकडे हजेरी लावली, सोलापुरासारख्या ठिकाणी त्यांना तारेच्या कुंपणात कोंडले. 1952 साली ते कायदे गेले. रात्री गावाबाहेर मुक्काम करणाऱ्याविषयीचा संशय गेलेला नाही. आमचे स्नेही तळ्याकाठी गाडी उभी करतात तेव्हा त्यांच्या खिशातल्या कागदावर कोथरूडचा पक्का पत्ता असतो, आणि तो असतो म्हणूनच त्यांच्या अनिकेतपणाला लोक हौस म्हणतात. मामांचा ढोंगाचा आरोप मला मान्य नाही. पण या फरकाचे भान ज्याला नाही त्याच्याविषयी तो आरोप मी मागे घेणार नाही.

आता ज्या ठिकाणी मला या गाडीविषयी खरी शंका येते तिथे येतो. ती चैनीची शंका नव्हे. मुनी असो, भिक्षू असो, यात्रेकरू असो, आपल्या परंपरेतला फिरता मनुष्य दुसऱ्यावाचून एक दिवस जगू शकत नव्हता, आणि ही त्याची अडचण नसून त्याच्या साधनेचा भाग होती. बौद्ध विनयाने भिक्षूला अन्न रात्रभर साठविण्याची मनाई केली. रोज सकाळी पात्र घेऊन गावात गेलेच पाहिजे. आपल्याकडची माधुकरी याच जातीची. उलट आमची ही गाडी अशी काही परिपूर्ण होत जाते की पाणी, दूध, उजेड, अंथरूण, सर्व आत. तळ्याकाठच्या गावाशी तिचा संबंध कचरा टाकण्यापुरता उरतो. त्यागाच्या नावाखाली मनुष्य इतका स्वयंपूर्ण व्हावा की त्याला कोणापुढे हात पसरावा लागू नये, हे मला अहंकाराचे नवे रूप वाटते. आणि पूर्वीचा श्रीमंत जहागीरदार लवाजमा घेऊन निघे तेव्हाही त्याला गावच्या पाटलाकडून निदान वैरण तरी घ्यावी लागे.

म्हणून मी स्नेह्यांना सांगितले की शीतकपाट घेऊ नका. त्यांनी हिशेब करून पाहिला. शंभर अँपिअर-तासांच्या बारा व्होल्टच्या लिथियम बॅटरीत सुमारे 1280 वॉट-तास वीज मावते. गाडीत बसणारे लहान शीतकपाट दिवसाला पाचशेच्या वर घेते. पंखा आणि दिवे मिळून दीडशे-पावणेदोनशे. शीतकपाटासह दोन दिवसही धड निघत नाहीत, त्यावाचून आठवडा निघतो. आकड्यांनी विनयपिटकाला असा दुजोरा दिलेला पाहून मला समाधान वाटले. पण माझे कारण विजेचे नव्हते. शीतकपाट नसले म्हणजे सकाळी दूध आणायला कोणीतरी गावात गेलेच पाहिजे, कोणाच्या तरी दारात उभे राहून मागितलेच पाहिजे.

वहिनींनी प्रथम विरोध केला. “मागायला जायचं कुणी? आणि रोज?” हा प्रश्न रास्त होता, मागण्याचे काम आपल्या घरांत नेहमी कोणाच्या वाट्याला येते ते त्यांना पक्के ठाऊक होते. ठरले असे की मुलांनी जावे आणि बापाने बरोबर असावे. पहिल्या मुक्कामाला ते दोन वाड्या पालथ्या घालून दूध घेऊन आले, परंतु म्हैसवाल्या बाईंनी पैसे घेतले नव्हते. “पाव्हण्यांकडून दुधाचं काय घ्यायचं,” एवढेच बोलून त्यांनी तांब्या भरून दिला होता. हिशेबतपासनीसाच्या जिवाला हे सहन होईना. देणे जमेला आले पण खर्ची काही पडेना. आईने मात्र आसनाखालून एक पिशवी काढली. ताळेबंदात नसलेल्या या पिशवीत खण होते, नारळ होते, तांदूळ होते आणि कुंकवाचा करंडा होता. ती घेऊन त्या सुनेबरोबर उन्हातून वाडीवर ओटी भरायला गेल्या, आणि परत आल्यावर मुलाने पिशवीचे वजन किती म्हणून विचारले तेव्हा, पुढच्या खेपेला नारळ आणखी दोन लागतील, तुझी शेगडी लहान घे, असे त्यांनी सांगितले.