खासगी मत आणि त्याची हद्द

सिनेमा, राजकारण आणि फुटबॉल या विषयांवर प्रत्येकाचे काही ना काही मत असते, आणि ते वैयक्तिक आहे असे सांगितले की पुढचे बोलणे खुंटते. मत वैयक्तिक असले म्हणजे त्याचे कारण देण्याची जबाबदारी संपते का, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न आहे. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत: सत्य जाणून घेण्यासाठी होणारा वाद, कसेही करून जिंकण्यासाठी होणारा जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता समोरच्याचा खोडणारी वितंडा. वैयक्तिकतेचा आधार घेणारा माणूस या तिन्हींत उतरत नाही. कारण द्यायचे नाही आणि मतही सोडायचे नाही, अशी त्याची भूमिका असते.

कलेत ही भूमिका सर्वांत निरुपद्रवी वाटते. तरीही काव्यमीमांसक अभिनवगुप्ताने रसिकाला मोकळे सोडले नाही. काव्याच्या परिशीलनाने ज्याचे मन आरशासारखे स्वच्छ झाले, तोच त्याच्या लेखी सहृदय. डेव्हिड ह्यूमनेही 1757 साली अभिरुचीवरच्या निबंधात अभ्यास, तुलना आणि पूर्वग्रहांपासून मुक्ती यांची अपेक्षा केली. काळ आणि देश वेगळे असूनही दोघांच्या मते आवड ही घडवावी लागते.

भिलाईजवळच्या गनियारी गावात जन्मलेल्या पंडवानी गायिका तीजनबाईंचे उदाहरण इथे फार मोलाचे आहे. महाभारताच्या कथा गाऊन सांगणाऱ्या पंडवानीत स्त्रियांनी बसून, वेदमती शैलीत गावे अशी रूढी होती. उभे राहून, तंबुरा हाती घेऊन, भीमाची गदा आणि दुःशासनाचा वध अंगाने साकारणारी कापालिक शैली पुरुषांची मानली जाई. तीजनबाईंनी तीच उचलली. बाईने असे गाऊ नये हे गावकऱ्यांच्या दृष्टीने आवडीचेच मत होते. पण त्या मतापायी पारधी समाजाने त्यांना वाळीत टाकले. पुढे नाट्यदिग्दर्शक हबीब तन्वीर यांनी त्यांची कला हेरली, भिलाई पोलाद कारखान्यात त्यांना नोकरी मिळाली आणि 2019 साली पद्मविभूषण मिळाले. त्या सन्मानाने आधीचा अन्याय पुसला जात नाही. नापसंती मनात राहिली असती तर ती खासगी होती. तिने एका मुलीचे घर आणि गाव हिरावले तेव्हा ती खासगी उरली नाही.

फुटबॉलचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. स्पेनचा तत्त्वचिंतक ओर्तेगा इ गासेत याने 1940 साली कल्पना आणि श्रद्धा यांत भेद केला: कल्पना माणूस बाळगतो, श्रद्धेत तो राहतो. संघावरची निष्ठा ही बहुधा दुसऱ्या प्रकारची असते, म्हणून युक्तिवादाने ती हलत नाही. बार्सिलोनाचे मैदान याचा पुरावा आहे. 1925 साली तिथल्या प्रेक्षकांनी स्पेनच्या राष्ट्रगीताच्या वेळी शिट्ट्या वाजवल्या, तेव्हा प्रिमो द रिव्हेरा याच्या हुकूमशाहीने मैदानच बंद करवले. 1 ऑक्टोबर 2017 रोजी, कॅटलोनियातील स्वातंत्र्याच्या सार्वमताच्या दिवशी, बार्सिलोनाचा लास पाल्मासशी झालेला सामना रिकाम्या कॅम्प नोऊ मैदानात खेळला गेला. तिथला संघ कोणाचा आणि देश कोणाचा हे दोन प्रश्न वेगळे करणे फार थोड्यांना जमले असेल. श्रद्धेला कारण मागणे व्यर्थ आहे. पण श्रद्धेच्या नावावर दुसऱ्याला शिक्षा करण्याची मुभा कोणालाच नसावी, समाजाला नाही आणि सरकारलाही नाही.

राजकीय मताला तर सुरुवातीपासूनच दुसऱ्याचे आयुष्य बांधलेले असते. 1955 साली भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या कारखान्याचा करार झाला, 1959 साली पहिली झोतभट्टी पेटली, आणि देशाच्या अनेक प्रांतांतली कुटुंबे, त्यांत मराठी कुटुंबेही, भिलाईत येऊन राहिली. त्या निर्णयामागच्या मतांची किंमत ती मते नसलेल्यांनीही मोजली आणि त्याचा लाभही त्यांना मिळाला. म्हणून राजकारणात मत मांडणाऱ्या माणसाने कारण द्यायला हवे, समोरच्याचे ऐकायला हवे आणि पुरावा बदलला तर मत बदलायलाही हवे. न्यायशास्त्रातला वाद इथेच अनिवार्य ठरतो. जल्पाला खेळाच्या गप्पांत जागा मिळेल, पण नगरपालिकेच्या सभेत आणि संसदेत त्याला जागा देता कामा नये.