उचल आणि हक्क

गागोदे बुद्रुकला महाविद्यालयातली मुलं घेऊन गेलं, की विनोबांच्या या जन्मगावी भूदानाची गोष्ट त्यांना मनापासून भिडते. १९५१ साली तेलंगणातल्या पोचमपल्लीत शंभर एकर मिळाले आणि मग हा माणूस वर्षानुवर्षं पायी फिरत भूमिहीनांसाठी सहावा हिस्सा मागत राहिला, हे ऐकताना मुलं गंभीर होतात. माणसं समान आहेत, याबद्दल त्यांच्या मनात शंका नसते. १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा, याच जिल्ह्यातलं महाडचं चवदार तळं, सगळं त्यांना ठाऊक असतं.

विषय कातकरी वाड्यांवर आला, की सूर बदलतो. पावसाळ्यात हाताला काम नसताना भट्टीमालकाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. पोरंबाळंही सोबत जातात, शाळा सुटते. हंगाम संपताना हिशेब मालकाच्या वहीत असतो आणि बाकी अंगावर राहिली, तर पुढचं वर्षही त्याच भट्टीवर. हे सांगितलं की वर्गातून हमखास प्रश्न येतो, “पण सर, पैसे घेतले होते ना? मग फेडायला नकोत?”

हा प्रश्न निर्दयपणातून येत नाही. यातल्या अनेकांच्या घरी आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन सोसायटीचं कर्ज फेडलेलं असतं. घेतलेलं परत करावं, हा त्यांच्यावरचा चांगलाच संस्कार आहे. पण त्यामुळे हक्क म्हणजे नीट वागणाऱ्याला मिळणारं बक्षीस, अशी समजूत नकळत रुजते. दारू पितो, पैसे उडवतो, मग त्याला कसला हक्क? मला हे फार अस्वस्थ करतं. उचलीपायी माणसाला दुसरीकडे कामाला जाण्याची मोकळीक उरली नाही, तर ती वेठबिगारी आहे आणि १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने तसलं कर्जच रद्द होतं. तो माणूस गुणी आहे की नाही, हे कायदा विचारत नाही. विनोबाही जमीनदारांकडे दया मागत नव्हते, गरिबाचा वाटा मागत होते.

दहा डिसेंबरला, मानवी हक्क दिनी, भट्ट्या पेटलेल्या असतात. माझ्या शिक्षकमित्रांना विनंती आहे, की त्या दिवशी निबंधस्पर्धा घेऊन थांबू नका. १९७६ चा तो कायदा वर्गात वाचा, आणि “पैसे घेतले होते ना?” हा प्रश्न आला तर मुलांना गप्प न करता त्यावर तासभर बोलू द्या.