नवे घर आणि जुने वाटेकरी

पाऊस सरला आणि दिवाळी झाली की आपल्या वसईत कुठे ना कुठे जुने घर उतरवायला सुरुवात होते. आधी कौले उतरतात, मग वासे, आणि आठवडाभरात जिथे ओटी होती तिथे विटांचा ढीग दिसतो. नाताळाआधी पायाभरणी, पुढच्या पावसाआधी स्लॅब, असा बहुतेकांचा हिशेब असतो. गेल्या वर्षी हा हिशेब आम्ही दोघे भाऊही करत होतो.

आमच्या वडिलांनी १९६९ साली नोकरीतून साठवलेल्या पैशांवर हे घर बांधले. पुढे दोन खांबांचा पोर्च असल्यामुळे गावाने त्याला बंगला म्हटले. एरवी चार खोल्या, पडवी आणि वर मंगळोरी कौले. वाशांना वाळवी लागली आहे. शाकारणीला पूर्वी येणारा माणूस थकला आणि त्याच्या मुलांनी ते काम घेतले नाही. न्हाणीघर मागच्या दारी, आणि आईचे वय ८४. ‘अशी घरे आता कुठे राहिली, पाडू नका,’ असे पाहुणे म्हणतात खरे. पण गळतीखाली पातेली ठेवण्यासाठी ते रात्री थांबत नाहीत. घर पाडावे की नाही, हा प्रश्न आम्हांला फारसा कठीण गेला नाही. कठीण प्रश्न वेगळाच निघाला.

इंजिनिअरने नकाशा आणला. खाली हॉल, स्वयंपाकघर, आईची खोली. वर दोन मजले, दोन भावांना एकेक. आम्ही फादरांना भेटून पायाभरणीच्या आशीर्वादाची तारीखही विचारून आलो. मग वकिलांनी सांगितले की घर वडिलांच्या नावावर आहे, त्यांनी मृत्युपत्र केलेले नाही, तेव्हा दोन्ही बहिणींचे हक्कसोड पत्र लागेल. आम्हांला ते कागदी काम वाटले. रविवारी मिस्सा झाल्यावर बहिणींना जेवायला बोलावले आणि जेवणानंतर टाईप केलेला कागद त्यांच्यापुढे ठेवला. ‘नुसती सही हवी आहे,’ असे आम्ही म्हणालो.

थोरलीने चष्मा लावून कागद वाचला. मग तिने नकाशा मागितला. बराच वेळ पाहून ती म्हणाली, “दादा, सही करीन मी. पण यात आम्ही आलो तर झोपायचे कुठे?” धाकटी काहीच बोलली नाही. भांडी आवरायला उठली आणि संध्याकाळच्या बसने गेली.

त्या रात्री आमचा आपसात वाद झाला. आमच्यापैकी एकाचे म्हणणे, की बहिणींच्या लग्नांत वडिलांनी दागिने केले, खर्च केला. आईचे दुखणेखुपणे आम्ही पाहतो. घर बांधायला कर्ज आम्ही काढणार. मग वाटा कसला? हे म्हणणे अगदी खोटे नाही. आजारी माणसाच्या उशाशी जो रात्री बसतो, त्याच्या कष्टांना मोल असते. पण हिशेब मांडायचाच तर पुरता मांडावा लागतो. लग्ने आमचीही वडिलांनीच करून दिली. थोरलीची शाळा सातवीनंतर सुटली ती आम्हां धाकट्यांना सांभाळण्यासाठी. ते दागिन्यांच्या कोणत्या रकान्यात लिहायचे?

दुसऱ्या दिवशी वकिलांकडून कायदा नीट समजून घेतला. आपल्याकडील ख्रिस्ती कुटुंबांना भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू आहे. मृत्युपत्र न करता पुरुष वारला आणि मागे पत्नी व मुले असली, तर पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश सर्व मुलांना सारखे. मुलगा आणि मुलगी असा भेद नाही. आम्ही चार भावंडे, म्हणजे प्रत्येकाला एक षष्ठांश. ज्याला आम्ही जन्मभर ‘आमचे घर’ म्हणत आलो, त्यात आम्हां दोघा भावांचा मिळून तिसरा हिस्सा होता! उरलेले दोन हिस्से आईचे आणि बहिणींचे.

केरळातील त्रावणकोर भागात ख्रिस्ती मुलींना हा अधिकार भांडून मिळवावा लागला. तिथल्या १९१६ च्या कायद्यात मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा भाग किंवा पाच हजार रुपये, यांतले जे कमी असेल ते मिळे. मेरी रॉय यांनी आपल्याच भावाविरुद्ध दाद मागितली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली मुलींना समान वाटा दिला. आपल्याकडे अशी लढाई करण्याची वेळ आली नाही, कारण कायदा आधीच सरळ होता. मात्र कायद्याने दिलेले आपण हक्कसोड पत्राने परत घेतो, आणि ते इतक्या सहजपणे की घेतल्यासारखे वाटतही नाही.

बायबलात गणनेच्या पुस्तकात सलाफहादाच्या पाच मुलींची हकिकत आहे. त्यांना भाऊ नव्हता. बापाचा वाटा आम्हांला का नाही, असे त्यांनी मोशेला सर्वांसमक्ष विचारले. आणि मोशेने ते परमेश्वरापुढे नेले तेव्हा मुलींचेच म्हणणे योग्य ठरले. ईयोबाने तर पुत्र असतानाही मुलींना त्यांच्या भावांबरोबर वतन दिले. हे उतारे आपण ऐकलेले असतात. पण मालमत्तेचा विषय निघाला की आपण म्हणतो, “आमच्यात मुली घेत नाहीत.” घेत नाहीत की घेऊ शकत नाहीत? वाटा मागितला तर माहेर तुटेल, ही भीती घालायला कोणी बोलावे लागत नाही. बहीण आपणहून सोडते ते दान, यात शंका नाही. परंतु कागद आधीच टाईप झालेला, पायाभरणीची तारीख ठरलेली, आई समोर बसलेली, अशा वेळी झालेल्या सहीला दान म्हणावे का? नाही म्हणण्याची वाट जिथे ठेवलेली नाही, तिथल्या ‘हो’चे आम्ही काय करणार होतो? घराला फादरांचा आशीर्वाद तर आम्हांला हवा होता.

आम्ही कागद फाडला आणि बहिणींकडे गेलो, या खेपेला आकडे घेऊन. रेडी रेकनरच्या दराने काढलेली किंमत आणि प्रत्येकीचा वाटा वकिलांनी वाचून दाखवला. थोरलीने आठवडा घेतला आणि आपला वाटा सोडला. मात्र नकाशात खाली पाहुण्यांची एक खोली मागितली. धाकटी म्हणाली, “मला माझा वाटा पाहिजे.” तिच्या यजमानांची नोकरी दोन वर्षांपूर्वी गेल्याचे आणि ती भाड्याच्या खोलीत राहत असल्याचे तेव्हा आम्हांला कळले. हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या बहिणीला आम्ही कधी विचारलेच नव्हते. खोटे कशाला बोला, ऐकताना राग आला. तो राग जायला काही दिवस लागले, आणि पूर्ण गेला आहे असेही नाही.

अनुवादाच्या पुस्तकात नवे घर बांधणाऱ्याला एक आज्ञा आहे: गच्चीला कठडा बांध, नाहीतर कोणी पडून मेला तर दोष तुझ्या घरावर येईल. त्या देशात घरांची छपरे सपाट. लोक वर बसत, झोपत. आम्हांला नवल वाटते ते याचे, की घर बांधून पुरे होण्याआधीच नियमशास्त्र अशा माणसाचा विचार करते जो त्या घरात राहणारही नाही. हे वाचल्यावर आम्ही नकाशा पुन्हा उघडला, आणि आमच्या मागच्या घरात राहणारी म्हातारी बाई आठवली.

आमच्या घराला पूर्वी चार पायऱ्या होत्या. दरवेळी रस्ता वर आला, शेजारचे प्लॉट भरले गेले, आणि आता दीड पायरी उरली आहे. जुलै २०१८ च्या पुरात वसईत रेल्वेगाड्या अडकल्या, तेव्हा आमच्या ओटीवर गुडघाभर पाणी होते. म्हणून इंजिनिअरने सगळा प्लॉट तीन फूट भरून घ्यायला सांगितले होते. सल्ला आमच्यापुरता बरोबर. पण आमच्याकडून हटलेले पाणी कुठे जाईल? मागच्या अंगणात, तिच्या चुलीपर्यंत. तिच्याकडे भरणी टाकायला पैसे नाहीत आणि तक्रार करायला माणूस नाही. इथे एक कबुलीही द्यायला हवी. आमच्या वाडीच्या कोपऱ्यात लहानसे बावखल होते. पावसाचे पाणी त्यात मुरे आणि विहिरीला गोडे पाणी राही. २००४ साली गाडी लावायला जागा हवी म्हणून आम्ही ते डेब्रिजने बुजवले. त्या पाण्याने मग दुसरीकडे वाट काढली, आणि इतकी वर्षे आम्ही शेजाऱ्यांच्या भरणीलाच दोष देत राहिलो.

आता नकाशा बदलला आहे. जोते फक्त घराखाली उंच होईल, बाकीची जमीन आहे त्या पातळीवर राहील आणि कडेचा जुना चर मोकळा करायचा आहे. बावखल पुन्हा खणावे की नाही, यावर घरात अजून एकमत नाही. धाकटीचे पैसे तीन हप्त्यांत द्यायचे ठरल्यामुळे वरचा दुसरा मजला रद्द झाला. दोन्ही कुटुंबे एकाच स्वयंपाकघरात किती दिवस नांदतील, याबद्दल भावजयांनी आपली शंका स्पष्ट बोलून दाखवली आहे आणि ती रास्त आहे. आईने आपला तिसरा हिस्सा कोणालाही दिलेला नाही. “मी असेपर्यंत माझेही नाव असू दे,” एवढेच ती म्हणाली. जुन्या विटा चुन्यातल्या असल्याने थापीने साफ होतात, फुटत नाहीत. त्या कुंपणाला वापरू.

या सगळ्यात बांधकामाचा एक मोसम गेला. यंदा पावसाआधी एका ओळखीच्या माणसाला गळ घालून पुन्हा शाकारणी करून घेतली. साठेक कौले बदलावी लागली. पायाभरणीची तारीख फादरांना दिवाळीनंतर विचारायची आहे, पण त्याआधी धाकटीला. तिचा पहिला हप्ता त्याच सुमारास द्यायचा आहे.